ओळखीच्या गाण्यामागचे अनोळखी बँड

गेल्या अंकात पंक आणि इंडी पॉप या पाश्चात्त्य गाण्यांच्या प्रकारांतल्या, फारशा कोणी न ऐकलेल्या बँडविषयी लिहिले, तेव्हा त्यावर मराठवाड्यातून इतकी पत्रे येतील असे मला वाटले नव्हते. ती आली, आणि त्यांतल्या एका पत्राने माझी चूकही दाखवून दिली; तिची दुरुस्ती शेवटी केली आहे. बहुतेक पत्रे लांबलचक असल्यामुळे प्रश्न तेवढे थोडक्यात देतो.

मी लातूरला रिपीटर बॅचला आहे आणि खोली करून राहतो. रात्री अभ्यास संपला की निर्वाणा हे अमेरिकन बँड ऐकतो. त्यांच्यासारखे, पण कोणाला माहीत नसलेले बँड हवे आहेत. ॲपमध्ये शोधले की फिरून फिरून तेच पाच-सहा मोठे बँड समोर येतात. सर, मग शोधायचे कुठे?
— एक विद्यार्थी, लातूर

ॲपला तुमची आवड कळत नाही. तुम्ही ऐकलेले गाणे ज्यांनी ऐकले, त्यांनी आणखी काय काय ऐकले, हाच हिशेब ते मुख्यतः मांडते. लाखो लोकांनी ऐकलेल्या गाण्यांच्या बाबतीत हा हिशेब बरा जमतो; परंतु ज्या बँडचे जगभरातले श्रोते मोजून चारशे भरतील, त्याच्याविषयी ॲपच्या वहीत काही लिहिलेलेच नसते, आणि म्हणून ते तुम्हाला पुन्हा गर्दीकडेच नेऊन सोडते. स्पॉटिफायने तर २०२४ पासून असा नियमच केला आहे की, ज्या गाण्याची मागच्या बारा महिन्यांत एक हजार आवर्तनेही झाली नाहीत, त्याला मानधन मिळणार नाही. तुम्हाला हवे असलेले बँड याच हजाराच्या अलीकडे राहतात, तेव्हा त्यांचा पत्ता माणसांनाच विचारत जावा लागतो.

सुदैवाने दोरीचे एक टोक तुमच्या हातात आहेच. निर्वाणाने नोव्हेंबर १९९३ मध्ये न्यूयॉर्कला बिनगोंगाटाची जी मैफल केली, आणि जिचा अल्बम पुढच्या वर्षी निघाला, तिच्यातली काही गाणी त्यांची स्वतःची नाहीत. त्यांतले एक द व्हॅसलिन्स या बँडचे आहे. हे बँड म्हणजे ग्लासगोचे यूजीन केली आणि फ्रान्सिस मकी. १९८७ मध्ये त्यांची पहिली छोटी रेकॉर्ड आली, १९८९ मध्ये पहिला अल्बम आला आणि तो येतो न येतो तोच बँड मोडले. निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन याने त्यांची गाणी मनापासून गायली नसती, तर स्कॉटलंडबाहेर त्यांचे नाव फार थोड्यांच्या कानावर गेले असते. त्यांचे ‘मॉलीज लिप्स’ आधी ऐका. पावणेदोन मिनिटांचे गाणे आहे, आणि त्याच्या ध्रुवपदात उन्हाळ्याच्या दुपारी गल्लीत फिरणाऱ्या कुल्फीवाल्याच्या सायकलला असतो तसला रबरी भोंगा वाजतो. निर्वाणाने हेच गाणे पुढे गायले, तेव्हा त्यांनी तो भोंगा गाळून टाकला. माझ्या मते तिथे ते हरले.

आता व्हॅसलिन्सची रेकॉर्ड काढली कोणी, ते पाहा. फिफ्टी-थर्ड अँड थर्ड नावाचे एक लहानसे लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी होती, आणि ती चालवणाऱ्यांमध्ये द पेस्टल्स या बँडचा स्टीफन पेस्टल आणि शॉप असिस्टंट्स या बँडचा डेव्हिड कीगन असे दोन वादक होते. लेबलचे नाव रामोन्स या न्यूयॉर्कच्या पंक बँडच्या एका गाण्यावरून घेतलेले आहे, म्हणजे पंकशी त्याचे नाते नावातच सांगितलेले आहे. याच लेबलने ऑक्सफर्डच्या टलूला गॉश या बँडच्या रेकॉर्डही काढल्या. हे बँड दोनच वर्षांत मोडले आणि त्याची गायिका अमेलिया फ्लेचर हिने सोबत्यांना घेऊन हेवनली नावाचे बँड उभे केले. हेवनलीच्या रेकॉर्ड ब्रिस्टलच्या सारा रेकॉर्ड्सने काढल्या, आणि सारा रेकॉर्ड्सच्या दारात तुम्ही एकदा पोहोचलात की द फील्ड माइस, द ऑर्किड्स, ब्रायटर, अनदर सनी डे अशी सगळी आळी तुमच्यासमोर उघडते. निर्वाणापासून इथपर्यंत जेमतेम पाच पावले झाली. (ही अमेलिया फ्लेचर पुढे अर्थशास्त्राची प्राध्यापक झाली आणि ब्रिटनच्या स्पर्धाविषयक सरकारी कार्यालयात मुख्य अर्थतज्ज्ञ म्हणूनही तिने काम केले. गाण्याच्या नादाने अभ्यासाचे वाटोळे होते असे घरी कोणी म्हणाले, तर हे नाव पुढे करता येईल.)

टलूला गॉशशी माझी ओळख लघुलहरींवर झाली. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावी रात्री बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस लागत असे आणि जॉन पील हा निवेदक तिच्यावर कुठेच न वाजणारी गाणी लावत असे. लाटेसारखा येणारा-जाणारा आवाज, मध्येच शिट्टी, त्यात इंग्रजांचे उच्चार. मी नाव ऐकले तसे वहीत लिहून ठेवले, ‘तलुला घोष’, आणि ही कोणी बंगाली बाई असावी असे समजून पुढची कित्येक वर्षे बंगाली नावांमध्ये तिला शोधत राहिलो. तुमच्याजवळ फोन आहे, तेव्हा इतकी वर्षे लागायची नाहीत.

डिस्कॉग्स या संकेतस्थळावर कोणतेही लेबल उघडले की त्याने काढलेल्या रेकॉर्डची क्रमवार यादी दिसते, आणि प्रत्येक रेकॉर्डवर कोणी काय वाजवले तेही बहुधा दिलेले असते. बँडकॅम्पवर आणखी एक सोय आहे, जिच्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही: अल्बमच्या पानावर तो विकत घेणाऱ्यांची लहान लहान चित्रे असतात, आणि त्यांतल्या एकावर बोट ठेवले की त्या माणसाने घेतलेले बाकीचे अल्बम दिसतात. जो अल्बम तुमच्याखेरीज कोणाला आवडेल असे तुम्हाला वाटले नव्हते, तो घेणारा माणूस तिकडे पोर्तुगालात किंवा जपानात बसलेला असतो आणि त्याचे अख्खे कपाट तुमच्यासमोर उघडे असते. ॲपच्या शंभर सूचनांपेक्षा असे एक कपाट मी अधिक भरवशाचे मानतो.

तुमची परीक्षा डोक्यावर आहे, म्हणून आठवड्याला एकच बँड ठेवा. शिवाय लहान बँड म्हणजे चांगले बँड, असे धरून चालू नका. न्यू म्युझिकल एक्सप्रेस या साप्ताहिकाने १९८६ मध्ये ‘सी ८६’ नावाची २२ गाण्यांची कॅसेट काढली, आणि इंडी पॉपचा सगळा इतिहास तिच्यापासून सांगण्याची रीत पडली आहे. पण ती सबंध ऐकली तर सात-आठ गाणी उत्तम निघतील, बाकीची केवळ त्या वर्षी हजर होती म्हणून आत आलेली आहेत. पहिले गाणे मात्र चुकवू नका. ते प्रायमल स्क्रीमचे आहे आणि दीड मिनिटाच्या आत संपते.

माझा पुतण्या पंक ऐकतो, तो मला निव्वळ आरडाओरडा वाटतो. त्याच्याच फोनवर इंडी पॉप म्हणून जी गाणी आहेत, ती मात्र गोड आणि लाजरी वाटतात. आपण दोन्हींना एका घरातली म्हणता, ते कसे?
— एक निवृत्त शिक्षिका, परभणी

बाई, घर एकच आहे. स्वभाव वेगळे आहेत. हे नाते आवाजात शोधले तर सापडत नाही. रेकॉर्ड कोणी काढली, कोणाच्या पैशाने काढली आणि ती दुकानात कशी पोहोचली, तिकडे पाहिले म्हणजे ते दिसते.

मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने जानेवारी १९७७ मध्ये चार गाण्यांची एक रेकॉर्ड काढली. कंपनीच्या दाराशी न जाता त्यांनी घरच्यांकडून आणि मित्रांकडून पाचशे पौंड उसने घेतले, स्वतःच्या लेबलला एक नाव दिले आणि हजार प्रती छापून घेतल्या. त्या हातोहात खपल्या आणि पुढे हा आकडा सोळा हजारांवर गेला. मला या रेकॉर्डचे कव्हर फार आवडते. प्रत्येक गाणे कितव्या प्रयत्नात मुद्रित झाले आणि त्यावर नंतर काही चढवले की नाही, हे त्यांनी मागच्या बाजूला चक्क छापले आहे. स्वयंपाकघराचे दार उघडे ठेवून पंगत वाढावी, तसा हा प्रकार आहे. एका गाण्यातला गिटारचा तुकडा तर दोनच सुरांचा आहे, आणि तेच दोन सूर वाजवणारा इतका वेळ घोळवतो की ऐकणाऱ्याला हसू येते.

त्याच वर्षी लंडनच्या डेस्परेट बायसिकल्स या बँडने याहूनही कमी पैशांत काम केले. त्यांच्या पहिल्या रेकॉर्डला १५३ पौंड लागले, आणि तिच्या दोन्ही बाजूंना तीच दोन गाणी होती. हा खर्चाचा आकडा त्यांनी पुढच्या रेकॉर्डच्या कव्हरवर जाहीर केला, आणि हे सोपे होते, स्वस्त होते, आता तुम्हीही करा, असे गाण्यांतूनच ओरडून सांगितले. ज्यांनी हे ऐकून खरोखरच केले, त्यांच्यातले काही जण रागीट होते आणि काही लाजाळू. जे लाजाळू होते, त्यांच्या गाण्याला पुढे इंडी पॉप म्हणू लागले. ‘इंडी’ हा शब्द ‘इंडिपेंडंट’चा तोडलेला तुकडा आहे, आणि सुरुवातीला त्याचा अर्थ एवढाच होता की, रेकॉर्ड मोठ्या कंपनीची नाही. आज मोठ्या कंपनीत राहूनही गिटार हळू वाजवली की तिला इंडी म्हणतात. तो वापर मला पटत नाही, पण शब्द आता आपल्या हातात राहिलेला नाही.

आपल्याकडे हे नवे आहे असेही नाही. १४ जानेवारीला, नामविस्तार दिनी, छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठ गेटसमोर जी पुस्तकांची आणि भीमगीतांची दुकाने लागतात, तिथल्या कॅसेटी आणि नंतरच्या सीडी पाहिल्या असतील, तर तुम्हाला बझकॉक्सचे फारसे नवल वाटणार नाही. गावातल्याच गायन पार्टीने पदरमोड करून गाणी भरायची, कव्हरवर स्वतःचा फोटो आणि संपर्काचा नंबर छापायचा आणि गर्दीत उभे राहून हाताने विकायची, ही पद्धत इथे मुरलेली आहे. संगीत वेगळे, कारणे त्याहून वेगळी आणि कितीतरी गंभीर. पण दुसऱ्याच्या परवानगीची वाट न पाहण्याची रीत तीच आहे.

पुतण्याला बझकॉक्सनंतर नॉर्दर्न आयर्लंडच्या डेरी शहरातल्या द अंडरटोन्सचे ‘टीनेज किक्स’ लावायला सांगा. वर ज्या जॉन पीलचा उल्लेख आला, त्याने सप्टेंबर १९७८ मध्ये हे गाणे एकाच कार्यक्रमात लागोपाठ दोनदा वाजवले होते. त्यात वेग पंकचा आहे आणि मन इंडी पॉपचे आहे, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापेक्षा ते गाणे लवकर देईल.

माझ्याकडे दोनशे गाण्यांची प्लेलिस्ट आहे. एकेक बँड मी कष्टाने शोधले आहे. मैत्रिणींना पाठवते, त्या ‘ऐकते गं’ म्हणतात आणि कोणीच ऐकत नाही. माझी आवडच विचित्र आहे का?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

आवडीत काही विचित्र नाही, दोनशे हा आकडा विचित्र आहे. जेवायला आलेल्या पाहुण्यासमोर आपण धान्याची कोठी उघडून ठेवत नाही. दोनशे गाणी सलग ऐकायला नऊ-दहा तास लागतात, आणि एवढ्या वेळात नांदेडहून मुंबईच्या वाटेवर माणूस बरेच अंतर कापतो. एका मैत्रिणीला एक गाणे पाठवावे, आणि ते कोणते हे तुमच्या यादीकडे न पाहता तिच्याकडे पाहून ठरवावे.

हे मी चुकत चुकत शिकलो आहे. एकदा मावसभावाबरोबर संभाजीनगरहून बीडकडे गाडीने निघालो होतो. तो भावगीतांचा माणूस. मला त्या दिवसांत वॉशिंग्टनच्या फुगाझी या बँडने झपाटले होते. हे लोक कार्यक्रमाचे तिकीट पाच डॉलरच्या आसपास राहावे म्हणून हटून बसत, आणि ही गोष्ट मला इतकी थोर वाटत होती की गाणे लावण्याआधी मी अर्धा तास तिच्यावर व्याख्यान दिले आणि मग आवाज मोठा करून अल्बम लावला. त्याने काच वर केली, दोन गाणी मुकाट्याने ऐकली आणि म्हणाला, “बाबा, यांचं भांडण मिटलं की सांग.” त्यानंतर पाचोडच्या चहापर्यंत गाडीत रेडिओ वाजला.

बऱ्याच दिवसांनी, उन्हाळ्यात त्याच्या गच्चीवर, वीज गेलेली असताना मी फोनवर यंग मार्बल जायंट्सचे गाणे लावले. कार्डिफ शहरातले हे तिघे जण. १९८० मध्ये त्यांचा एकच अल्बम आला. एक गिटार, एक बास, कधी एक ऑर्गन, घरगुती बनावटीच्या यंत्रातून येणारा टकटक ठेका आणि शेजारच्या खोलीत कोणी झोपले आहे असे समजून गाणारी अ‍ॅलिसन स्टॅटन. वाद्यांपेक्षा मधल्या मोकळ्या जागाच अधिक ऐकू येतात. मी काहीही सांगितले नाही. तिसऱ्या गाण्याला त्यानेच विचारले, ही बाई कोण? भावगीताच्या माणसाला शब्दाभोवती शांतता लागते, हे मला आधी सुचायला हवे होते.

तेव्हा आधी मैत्रीण काय गुणगुणते ते ऐका. चालीवर जीव असणारीला न्यूझीलंडच्या द चिल्सचे ‘पिंक फ्रॉस्ट’ द्या. सुरुवातीचे काही क्षण ते हसरे वाटते, आणि मग खालून बासचे सूर येतात आणि खोलीतला उजेड उतरल्यासारखे होते. त्यामागची हकीकत तिला नंतर सांगा. हे गाणे १९८४ मध्ये आले, तेव्हा त्यात ड्रम्स वाजवणारा मार्टिन बुल जिवंत नव्हता. तो आदल्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला. जाताना त्याने आपले चामड्याचे जाकीट गायक मार्टिन फिलिप्सला ठेवले, आणि १९८६ मध्ये फिलिप्सने त्या जाकिटावरच एक गाणे केले, जे अजिबात रडके नाही. ही गोष्ट आधी सांगितली तर गाणे ऐकताना मैत्रीण शोकसभेला बसल्यासारखी बसेल.

थट्टेखोर मैत्रिणीला जपानच्या ओसाका शहरातले शोनेन नाइफ आवडेल. १९८१ मध्ये मुलींनी उभे केलेले हे बँड रामोन्सच्या चालीने खाऊवर आणि प्राण्यांवर गाणी म्हणते. परीक्षेच्या निकालाने किंवा घरच्यांमुळे जी धुमसत असेल, तिला पेरू देशाची राजधानी लिमा इथले लॉस सायकोस ऐकवा. १९६५ मध्ये, म्हणजे रामोन्सचा पहिला अल्बम येण्याच्या अकरा वर्षे आधी, हे लोक स्पॅनिशमध्ये रेल्वे स्टेशन पाडून टाकू असे घसा फोडून ओरडत होते. शब्द कळले नाहीत तरी काही अडत नाही.

सोबत ‘खूप भारी आहे, ऐकच’ असे लिहू नका. भारी म्हणजे काय, ते तिला कळत नाही, आणि नाही आवडले तर तिलाच अपराधी वाटते. ‘यात एक भोंगा वाजतो, तो ऐक’ असे नेमके काही लिहा. भोंग्यासाठी माणूस पावणेदोन मिनिटे सहज देतो. त्यानंतर आठ दिवस ‘ऐकलेस का?’ असे विचारायचे नाही, आणि हे सर्वांत अवघड आहे.

भारतात असे बँड आहेत की सगळे परदेशातच?
— एक वाचक, जालना

आहेत, आणि पंकपेक्षा इंडी पॉपचे अधिक आहेत. कोलकात्याचे पारेख अँड सिंग हे दोघे जण इतके नीटनेटके पॉप करतात की गाण्याला इस्त्री केली आहे असे वाटते. त्यांचा ‘ओशन’ हा अल्बम २०१६ मध्ये एका ब्रिटिश लेबलने जगभर पोहोचवला. दिल्लीचे पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी आता अगदीच अपरिचित राहिलेले नाही, परंतु जुन्या हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदाची आठवण आणि थकलेला इंग्रजी आवाज यांचे जे मिश्रण त्यांनी साधले आहे, ते दुसरीकडे सापडत नाही. चेन्नईचे द एफ सिक्स्टीन्स नाचरे आहेत, पुण्याचे ईझी वाँडरलिंग्ज मऊ आहेत. मला स्वतःला ते जरा जास्तच मऊ वाटतात.

अस्सल पंक हवे असेल, तर मुंबईचे द रायट पेडलर्स आणि त्याच शहरातले, थोडे अधिक गोडीचे, द लाइटइयर्स एक्स्प्लोड हे दोन ऐका. मणिपूरच्या इंफाळ टॉकीजला पंक म्हणावे की लोकगीत, यावर वाद घालता येईल. अखू चिंगांगबम याने २००८ मध्ये ते सुरू केले, आणि बंदूक, संचारबंदी, रोजची भीती यांवर तो बहुतेक वेळा साध्या गिटारवर गातो. गाण्याची धग आवाजाच्या मोठेपणावर अवलंबून नसते, हे पाहायचे असेल तर सुरुवात याच्यापासून करावी. यांपैकी ज्यांचे पान बँडकॅम्पवर असेल, त्यांचा एखादा अल्बम विकत घ्या. बँडकॅम्प आपला वाटा कापून उरलेले पैसे थेट बँडला देते, आणि तो वाटा बहुधा दहा ते पंधरा टक्क्यांचाच असतो. एका चहा-भज्याच्या खर्चात ड्रम्सच्या कातड्याला हातभार लागतो.

एक बँड फक्त मलाच माहीत आहे असे वाटते आणि ते कोणाला सांगावेसे वाटत नाही. हा स्वार्थ आहे का?
— एक वाचक, बीड

थोडा आहे, आणि मलाही तो आहे. पण जी गोष्ट तुम्ही लपवत आहात, ती तुमच्यापर्यंत कोणी तरी न लपवल्यामुळेच आली. सारा रेकॉर्ड्सची क्लेअर वॉड आणि मॅट हेन्स ही जोडी आधी हाताने जोडलेली छोटी नियतकालिके काढत असे आणि आवडत्या बँडविषयी त्यांत लिहीत असे. १९८७ मध्ये त्यांनी लेबल काढले, प्रत्येक रेकॉर्डला क्रमांक दिला (पन्नासावा क्रमांक चक्क एका पटावरच्या खेळाला दिला), आणि ऑगस्ट १९९५ मध्ये शंभर भरताच एक मेजवानी करून लेबल बंद केले. खपत होते तरी बंद केले. हे सगळे जण मिळून जेवढे ऐकले जातात, त्याच्यापेक्षा एखाद्या चालू सिनेमाचे गाणे एका दुपारी अधिक वाजते, तेव्हा तुमच्या चार मित्रांनी तुमचे बँड ऐकले म्हणून ते बाजारी होण्याची धास्ती नाही.

लंडन-न्यूयॉर्कच्या मुलांना स्टुडिओ, कार्यक्रम, दुकाने सगळे होते. धाराशिवसारख्या गावात गिटारचे दुकानही धड नाही. इथे अशी गाणी कशी होणार?
— एक गिटारवादक, धाराशिव

लंडन सोडा आणि नकाशावर डनिडिन शोधा. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाकडचे हे गाव सुमारे लाखभर वस्तीचे, म्हणजे लातूरच्या निम्म्यानेही नव्हे. थंडी, विद्यापीठ आणि समुद्र याखेरीज तिथे फारसे काही नव्हते, आणि परदेशी रेकॉर्ड तिथे बोटीने उशिराच पोहोचत. तिथल्या द क्लीन या बँडचे ‘टॅली हो’ हे गाणे १९८१ मध्ये क्राइस्टचर्चच्या फ्लाइंग नन या नव्या लेबलने काढले आणि ते देशाच्या खपाच्या यादीत एकोणिसाव्या क्रमांकावर गेले. त्याच वर्षीची त्यांची पुढची रेकॉर्ड स्टुडिओत केलेलीच नाही. क्रिस नॉक्स आणि डग हूड या दोन मित्रांनी चार पट्ट्यांच्या एका टेपरेकॉर्डरवर ती मुद्रित केली, आणि ती कित्येक महिने यादीतून हलली नाही. चिल्सही याच गावचे.

मला या गोष्टीत टेपरेकॉर्डर महत्त्वाचा वाटत नाही, कारण त्याच्याहून चांगले यंत्र आज तुमच्या खिशात आहे. त्या गावातले पाच-सहा बँड एकमेकांच्या कार्यक्रमांना जात, एकमेकांचे वादक उसने घेत आणि १९८२ मध्ये चार बँडनी मिळून दोन तबकड्यांचा एक संचही काढला. नवे बँड शोधताना हेच उपयोगी पडते: एका गावातले एक बँड आवडले, तर त्याच गावातले, त्याच वर्षातले दुसरे शोधावे. तुमच्यापुरते म्हणाल, तर धाराशिवात आणखी एक गिटारवादक नक्की असणार. भजनी मंडळात ढोलकी वाजवणारा पोरगाही चालेल. मो टकर हिने उभ्याने, तीन-चार ड्रम्सवर न्यूयॉर्कच्या द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडचा ठेका धरला होता, आणि पुढच्या कितीतरी बँडनी तो ठेका उचललेला आहे.

मागच्या अंकात डेथ या बँडचा अल्बम १९७५ मध्ये निघाला असे आपण लिहिले आहे. तो तेव्हा निघालाच नव्हता.
— एक निवृत्त बँक कर्मचारी, छत्रपती संभाजीनगर

आपले म्हणणे बरोबर आहे आणि चूक माझीच आहे. डेट्रॉइटच्या डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस हॅकनी या तीन कृष्णवर्णीय भावांनी १९७५ मध्ये गाणी मुद्रित केली, एवढेच खरे. मोठ्या कंपनीने बँडचे नाव बदला म्हणून सांगितले, डेव्हिडने नकार दिला आणि सगळे फिसकटले. १९७६ मध्ये त्यांनी त्यांतली दोन गाणी स्वतःच्या खर्चाने पाचशे प्रती छापून काढली. त्या कोणी फारशा वाजवल्या नाहीत. पुढे बॉबी आणि डॅनिस व्हरमाँट राज्यात स्थायिक होऊन रेगे हे जमैकाचे संगीत वाजवू लागले. २००० साली वारलेल्या डेव्हिडने मात्र मूळ टेप जपून ठेवा, जग एक दिवस त्या शोधत येईल, असे भावांना बजावले होते. जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांच्या हाती त्या पाचशेपैकी काही प्रती लागल्या, चर्चा सुरू झाली, आणि शिकागोच्या ड्रॅग सिटी या लेबलने सात गाण्यांचा अल्बम काढला तो २००९ मध्ये. टेप तोवर बॉबीच्या घराच्या माळ्यावर होत्या.